पुश्किन ते ख्रिस्त तारणहार: मॉस्कोतल्या एका पायी सहलीबद्दल

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. ही सहल घ्यावी. रशियन येत असेल तर रशियनमधूनच घ्यावी, आणि नवे बूट घालून अजिबात जाऊ नये.

मॉस्कोत पायी फिरवणाऱ्या सहलींना तोटा नाही. क्रेमलिन, मेट्रोची देखणी स्थानकं, स्तालिनच्या काळातल्या उंच इमारती, म्हणाल ते मिळतं. यादीत पार खाली एक सहल असते, जिचा विषय 'रशिया युरोपात बसतो की नाही' असा काहीतरी असतो. पुश्किनच्या पुतळ्यापासून निघायचं, झाडीच्या बुलेव्हारांवरून खाली उतरत आरबातच्या मागच्या गल्ल्यांत शिरायचं आणि ख्रिस्त तारणहाराच्या कॅथेड्रलपाशी संपवायचं. अंतर जेमतेम तीन किलोमीटर, पण थांबत थांबत जाताना अर्धा दिवस जातो. कंपनीचं नाव देत नाही. असल्या सहली तिथे बरेच जण काढतात आणि वाट थोड्याफार फरकाने सगळ्यांची हीच.

मी कोण, तेही सांगायला हवं, नाहीतर पुढची कुरकुर कळणार नाही. मूळची जुन्नरची. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळच्या वर्गाला रशियन शिकले आणि पिंपरीतल्या एका कारखान्यात रशियन यंत्रांची मॅन्युअल्स उलगडण्यात नोकरी गेली. म्हणजे माझं रशियन बेअरिंग आणि गिअरबॉक्सचं. निवृत्तीनंतर हौसेने त्यांचे विचारवंत वाचायला घेतले. नवऱ्याला या विषयात काडीचा रस नाही. तो आला तो वाटेत कॉफी मिळेल या आशेवर.

पैसे रोख द्यावे लागले. आपली व्हिसा-मास्टरकार्डं तिथे २०२२ पासून चालत नाहीत, त्यामुळे रूबलच्या नोटा पाकिटात घालून थेट गाइडच्या हातात. जाहिरातीत 'छोटा गट' होता. प्रत्यक्षात चौकात इतकी माणसं जमली की गाइडबाईंनी दोनदा मोजून पाहिली. कानात अडकवायला दिलेलं यंत्र ट्रॉलीबस गेल्यासारखं खरखरत होतं. मी ते काढून सरळ बाईंना चिकटून चालायला लागले आणि सहल तिथून सुरू झाली असं समजते.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या, पूर्वी विद्यापीठात इतिहास शिकवत होत्या. हातात प्लास्टिक चढवलेल्या चित्रांचा गठ्ठा. बोलणं स्वच्छ, घाई नाही, आणि कोणी मधेच सेल्फी काढायला लागलं की गप्प उभं राहायचं एवढीच शिक्षा.

पुश्किनपाशी त्या बराच वेळ थांबल्या आणि ते योग्यच होतं. ओपेकुशिनने केलेला हा पुतळा १८८० साली उभा राहिला, तेव्हा तो रस्त्याच्या पलीकडे, त्वेर्स्कोय बुलेव्हारच्या तोंडाशी होता; १९५० मध्ये उचलून समोर आणला. अनावरणाच्या निमित्ताने भाषणं झाली. ७ जूनला कादंबरीकार तुर्गेनेव बोलला, तोलून मापून. पुश्किनला जागतिक कवी म्हणावं की नाही, यावर त्याने हात राखून ठेवला. दुसऱ्या दिवशी दस्तयेवस्की उठला आणि म्हणाला की दुसऱ्या कुठल्याही लोकांचा आत्मा आपलासा करण्याची जी ताकद पुश्किनमध्ये आहे तीच रशियन माणसाची ओळख. खरा रशियन होणं म्हणजे सगळ्या माणसांचा भाऊ होणं. सभागृहात माणसं रडली, एकमेकांच्या गळ्यात पडली. त्याने बायकोला त्याच रात्री लिहिलेल्या पत्रात एक विद्यार्थी त्याच्यासमोर बेशुद्ध पडल्याचंही सांगितलंय. तुर्गेनेवनेही त्याला मिठी मारली, आणि त्या दोघांचं आयुष्यभर किती वाकडं होतं हे माहीत असेल तर ही मिठी काय चीज होती ते कळेल. तोल्स्तोय या सोहळ्याला आलाच नाही.

हे सगळं बाईंनी रंगवून सांगितलं. त्यानंतर कोन्स्तान्तिन लेओन्तिएवलाही हजर केलं, हे मला आवडलं. तो कट्टर सनातनी ऑर्थोडॉक्स. त्याला हे भाषण फारच गुलाबी वाटलं; विश्वबंधुत्व वगैरे ख्रिस्ती धर्मात कुठे सांगितलंय, असा त्याचा सवाल. म्हणजे ज्या भाषणाला आज रशियन आत्म्याचा जाहीरनामा मानतात, ते रशियन परंपरेच्या सर्वात कडव्या पहारेकऱ्याला पाश्चात्त्य वाटलं होतं.

आणि ज्याच्या नावाने हे सगळं चाललं होतं, त्या पुश्किनचा पणजोबा आफ्रिकेतून आणलेला मुलगा होता. पीटर सम्राटाच्या पदरी वाढला, पुढे सेनापती झाला. बाईंनी हे एका वाक्यात उरकलं. मी असते तर इथे खुर्ची टाकून बसले असते.

त्वेर्स्कोय बुलेव्हारवर पंचवीस नंबरचं घर आहे. १८१२ साली, नेपोलियन मॉस्कोत शिरण्याच्या काही महिने आधी, तिथे विचारवंत लेखक अलेक्झांडर हेर्झन जन्मला. आई जर्मन, बाप रशियन सरदार, लग्न रीतसर नाही, म्हणून बापाने मुलाला आडनावच जर्मन 'हृदया'वरून दिलं. आता तिथे साहित्य संस्था आहे आणि आवारात त्याचा पुतळा. आम्ही फाटकातूनच पाहिला.

तिथून पुढे एका बाकावर बसवून विचारवंत चादायेव सांगितला. तो जिथे राहायचा ती नोवाया बासमान्नाया शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे सहलीत त्याच्या वाट्याला बाक आला. मला हे खटकलं, कारण भांडणाची काडी त्यानेच लावली. हा नेपोलियनविरुद्ध बोरोदिनोला लढलेला, विजयी सैन्याबरोबर पॅरिसला पोचलेला अधिकारी. १८३६ मध्ये 'टेलिस्कोप' मासिकात त्याचं तत्त्वचिंतनपर पत्र छापून आलं. मुद्दा असा: आपण ना पूर्वेचे ना पश्चिमेचे. धर्म बायझंटियमकडून, म्हणजे पूर्वेच्या ग्रीक ख्रिस्ती साम्राज्याकडून, घेतला आणि युरोप ज्या वाटेने एकत्र चालला तिच्यातून बाहेर पडलो. जगात एकटे, जगाला दिलं काही नाही, जगाकडून शिकलो काही नाही.

हेर्झनने या पत्राला काळोख्या रात्री झालेला गोळीचा आवाज म्हटलंय. झारने मासिक बंद केलं, संपादक नादेझ्दिनला उत्तरेत उस्त-सिसोल्स्कला हाकललं, पत्र पास करणाऱ्या सेन्सॉरची नोकरी घेतली. तो सेन्सॉर मॉस्को विद्यापीठाचा रेक्टर होता, बिचारा. चादायेवला मात्र तुरुंग नाही. त्याला वेडा ठरवलं. घरातच ठेवलं आणि तपासायला सरकारी डॉक्टर येऊ लागला. पुढच्या वर्षी त्याने 'वेड्याचं निवेदन' लिहिलं आणि डाव उलटवला: इतिहासाचं ओझं नाही हेच आपलं भांडवल, इतरांच्या चुका पाहून आपण पुढे जाऊ. हे त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही.

बाईंनी इथे त्यांचं सर्वात चांगलं काम केलं. त्यांनी चित्रांच्या गठ्ठ्यातून तीन कागद काढले. पहिला चादायेवचा मूळ मजकूर, फ्रेंचमध्ये. दुसरं पुश्किनचं त्याला लिहिलेलं उत्तर: माझ्या आजूबाजूला जे चाललंय ते मला मुळीच आवडत नाही, पण देवाने दिला तो सोडून दुसरा देश किंवा आपल्या पूर्वजांचा सोडून दुसरा इतिहास मला नको. लिहिलं १९ ऑक्टोबर १८३६ ला, पाठवलं कधीच नाही, आणि तेही फ्रेंचमध्ये. तिसरा कागद शिक्षणमंत्री उवारोवचा. ऑर्थोडॉक्स धर्म, झारची एकसत्ता आणि राष्ट्रभाव, या त्याच्या सरकारी त्रिसूत्रीचा पहिला मसुदा. तोही फ्रेंचमध्ये. देशाला शिव्या देणारा, देशावर प्रेम करणारा आणि देशाचं सरकारी सूत्र बांधणारा, तिघेही घरचं भांडण पाहुण्याच्या भाषेत भांडत होते. 'रशिया बुद्धीने कळत नाही, तिच्यावर श्रद्धाच ठेवता येते' हे आजही भाषणाभाषणांत येणारं चार ओळींचं कवित त्युत्चेवने १८६६ मध्ये रशियनमध्ये लिहिलं खरं, पण तो स्वतः वर्षानुवर्षं म्युनिकला वकिलातीत काढलेला, दोन्ही बायका जर्मन घराण्यांतल्या, पत्रव्यवहार फ्रेंच.

नवरा म्हणाला, "मग यांना रशियन कोण म्हणेल?" मी म्हटलं, तेच तर विचारतायत सगळे.

निकित्स्की बुलेव्हारवर सात नंबरच्या घराच्या आवारात गोगोल बसलाय. याच घरात त्याने 'मृत आत्मे'च्या दुसऱ्या भागाचं हस्तलिखित जाळलं आणि १८५२ मध्ये मेला. निकोलाय आंद्रेयेवने १९०९ साली केलेला हा पुतळा मी आधी चित्रात पाहिला होता. जवळून पाहणं वेगळं. थंडी वाजल्यासारखा झग्यात आक्रसून घेतलेला, नाक खाली, नजर जमिनीवर. चौथऱ्याभोवती ब्राँझचा पट्टा आहे आणि त्यावर त्याचीच पात्रं दाटीवाटीने चाललीयत. पट्टा हाताच्या उंचीवर असल्याने त्यांची नाकं-पोटं दिसतात, आणि वर लेखक मात्र त्यांच्याकडे पाहतही नाही. सोव्हिएत सरकारला हा मरगळलेला गोगोल पसंत पडेना. १९५१ मध्ये त्याला दोन्स्कोय मठात नेऊन ठेवला आणि जागेवर तोम्स्कीने केलेला नवा उभा केला, ताठ, खांदे मागे. जुना १९५९ मध्ये या आवारात आला. दोघांच्या मध्ये आता फक्त आरबातचा चौक. मूळच्या पुतळ्यासाठी केलेले सिंहांचे दिवे मात्र नव्या गोगोलपाशीच राहिले. सिंहांना कोणी विचारलं नाही.

बाईंनी नव्या पुतळ्याचा लेख वाचून दाखवला: महान रशियन शब्दकलावंताला, सोव्हिएत संघाच्या सरकारकडून, २ मार्च १९५२. आणि त्या पुढे निघाल्या. इथे मी थांबवलं. गोगोल पोल्तावा प्रांतातला, सोरोचिन्त्सीचा. युक्रेनी. १८४४ च्या डिसेंबरात त्याने आपल्या मैत्रिणीला, स्मिर्नोवाला, लिहिलंय की आपला आत्मा युक्रेनी आहे की रशियन हे आपलं आपल्यालाच ठाऊक नाही, आणि दोन्हींपैकी एकाला वर बसवायला तो तयार नव्हता. त्याच वर्षी तरास शेव्चेन्कोने त्याला उद्देशून युक्रेनीत कविता लिहिली, तू हसतोस आणि मला रडावं लागतं, अशा अर्थाची. या दोन गोष्टी पुतळ्यासमोर सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी विचारलं तेव्हा बाईंनी मान हलवली, "हो, असं पत्र आहे," म्हणाल्या आणि घड्याळाकडे पाहिलं.

त्या का बोलल्या नाहीत ते मला कळतं. २०२१ च्या जुलैत देशाच्या राष्ट्राध्यक्षाने रशियन आणि युक्रेनी एकच लोक आहेत असा लांबलचक लेख लिहिला, पुढच्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झालं, आणि मार्चमध्ये सैन्याची बदनामी हा गुन्हा ठरवणारे कायदे आले. अनोळखी लोकांच्या गटासमोर पोट चालवणाऱ्या बाईकडून मी शौर्याची अपेक्षा करत नाही. पण सहलीचं परीक्षण लिहायचं तर भोक कुठे आहे ते सांगावं लागतं, आणि ते बरोबर इथे आहे. रशियन म्हणजे कोण याचा विचार तिथल्या विचारवंतांनी केला तसा त्यांच्या साम्राज्यात राहणाऱ्या इतरांनीही केला, नाइलाजाने केला. पुश्किनने आपल्या 'स्मारक' कवितेत म्हटलंय की स्लाव, फिन, तुंगूस, कल्मिक सगळे माझं नाव घेतील. तुंगूस आणि कल्मिक काय म्हणाले ते या तीन किलोमीटरांत कुठेही ऐकू येत नाही.

सिव्त्सेव व्राझेक ही गल्ली सहलीचा जीव आहे. सत्तावीस नंबरला हेर्झनचं घर, १९७६ पासून संग्रहालय. समोरच्या अंगाला तीस नंबर, तिथे अक्साकोव कुटुंब राहायचं. एक पश्चिमवाद्यांचा, म्हणजे रशियाने युरोपच्या वाटेने जावं म्हणणाऱ्यांचा, पुढारी; दुसरे स्लाव्हवाद्यांचे, म्हणजे रशियाची वाट वेगळी म्हणणाऱ्यांचे. बाईंनी असं सांगितलं की जणू दोघे खिडक्यांतून एकमेकांवर ओरडत होते. तसं नव्हतं: हेर्झन जानेवारी १८४७ मध्ये देश सोडून गेला तो परत आला नाही, आणि अक्साकोव या घरात त्यानंतर आले. पण खोटं थोडंसंच, कारण भांडण खरोखर याच शहरातल्या दिवाणखान्यांत झालं. स्लाव्हवादी ईवान किरेयेव्स्कीच्या आईच्या घरी, एलागिनाबाईंकडे, दोन्ही पक्ष जेवायला यायचे. स्लाव्हवादी होम्याकोव बोलायला बसला की पहाट. त्याचं म्हणणं, पश्चिमेत माणसं करारांनी बांधली जातात, आपल्याकडे श्रद्धेने आणि गावपंचायतीने. पीटर सम्राटाने युरोपी रीती आणून ते मोडलं. हेर्झन आणि इतिहासकार ग्रानोव्स्की म्हणायचे, पीटर नसता तर हे वाद घालायला तुम्ही शिकला कुठे असतात?

तेही खरंच होतं. किरेयेव्स्की स्वतः १८३० मध्ये जर्मनीत हेगेल आणि शेलिंगची व्याख्यानं ऐकून आलेला, आणि १८३२ मध्ये त्याने काढलेल्या मासिकाचं नाव काय, तर 'युरोपियन'. दोन अंकांत सरकारने बंद पाडलं. कोन्स्तान्तिन अक्साकोव तर अस्सल रशियन दिसावं म्हणून जुन्या धाटणीचा अंगरखा आणि टोपी घालून हिंडायचा. चादायेव म्हणाला, अक्साकोव इतका राष्ट्रीय पोशाख करतो की रस्त्यावरचे लोक त्याला इराणी समजतात. सहलीत नवरा मनापासून हसला तो इथे.

१८४४-४५ च्या सुमारास संबंध तुटले. अक्साकोव रात्री ग्रानोव्स्कीच्या घरी गेला, त्याला झोपेतून उठवून गळ्यात पडून रडला आणि आता आपलं भेटणं बंद म्हणाला. हेर्झन रस्त्यात दिसला तर स्लेजमधून उडी मारून त्याला मिठी मारली. अशा रीतीने वैर जाहीर करणारी माणसं मी दुसरीकडे वाचलेली नाहीत. १८६१ मध्ये अक्साकोव वारल्याचं कळल्यावर हेर्झनने लंडनहून लिहिलं की आम्ही रोमनांच्या दुतोंडी जेनस देवासारखे वेगवेगळ्या दिशांना पाहत होतो, पण आत हृदय एकच धडधडत होतं. बाईंनी हे पाठ म्हटलं, तीस नंबरच्या फाटकाला पाठ टेकून. सगळा गट प्रथमच गप्प होता.

तक्रार: हेर्झनच्या घरात नेत नाहीत. तिकीट सहलीत धरलेलं नाही, वेळही नाही. या गल्लीत येऊन ते घर बाहेरून दाखवणं मला अन्यायाचं वाटलं. पुढच्या गल्लीत, बोल्शोय व्लास्येव्स्कीत, तत्त्वज्ञ बेर्द्यायेव राहायचा. त्याचं बिऱ्हाड लांबून बोट दाखवून उरकलं. या माणसाला बोल्शेविकांनी १९२२ मध्ये इतर विचारवंतांबरोबर बोटीत बसवून देशाबाहेर काढलं आणि 'रशियन कल्पना' हे त्याचं पुस्तक १९४६ मध्ये पॅरिसला निघालं. त्याला पाच मिनिटं तरी द्यायला हवी होती.

बाहेरच्यांची पाळी गोगोलेव्स्की बुलेव्हारच्या बाकांवर आली. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग दरबाराचा दूत हर्बरश्टाइन १५१७ आणि १५२६ मध्ये आला होता. त्याला प्रश्न पडला तो असा, की लोक असे आहेत म्हणून राजा जुलमी, की राजा जुलमी म्हणून लोक असे झाले? पाचशे वर्षं झाली, परदेशी वार्ताहर अजून तेच विचारतायत. मग मार्की द कुस्तिन. हा फ्रेंच सरदार क्रांतीला वैतागलेला, आजोबा आणि बाप दोघे गिलोटिनवर गेलेले. १८३९ मध्ये तो रशियाला आला तो एकसत्तेची बाजू मजबूत करायला आणि परतला लोकशाहीकडे झुकून. १८४३ मध्ये त्याचं पुस्तक निघालं, रशियात त्यावर लगेच बंदी आली आणि अर्थातच सगळ्यांनी वाचलं. बाईंनी कुस्तिनची जरा खिल्ली उडवली, काही महिन्यांत देश समजलेला माणूस म्हणून. उडवावी. पण तो मॉस्कोत येऊन गेला तेव्हा चादायेव वेडेपणाचा शिक्का घेऊन याच शहरात बसला होता, आणि कुस्तिनच्या पुस्तकातली सर्वात कडू वाक्यं चादायेवच्या वाक्यांना सख्खी वाटतात.

मला सर्वात मजेचा वाटला तो हाक्सटहाउझेन. प्रशियाचा बॅरन, शेतीव्यवस्थेचा अभ्यासक. १८४३ मध्ये झार सरकारच्या मदतीने गावोगाव हिंडला आणि रशियन शेतकरी जमीन सामाईक धरून वेळोवेळी वाटून घेतात, याचं वर्णन करून त्याने युरोपला चकित केलं. स्लाव्हवादी याच गावपंचायतीला आपला आत्मा म्हणत होते, पण आपल्याच कोठीतला जिन्नस शेजाऱ्याने उघडून दाखवावा तशी ती साऱ्या जगाला आणि अनेक रशियनांनाही या जर्मनामुळे माहीत झाली. मॉस्कोत त्याची हेर्झनशी भेट झाली. आणि पुढे युरोपातल्या १८४८ च्या क्रांत्या फसलेल्या पाहून निराश झालेला हेर्झन, पश्चिमवाद्यांचा पुढारी, परदेशात बसून म्हणू लागला की समाजवाद रशियाच्या गावपंचायतीतून येईल. स्लाव्हवाद्यांचा ठेवा, जर्मनाने वर्णन केलेला, पश्चिमवाद्याने लंडनमध्ये उचललेला. बाईंच्या चित्रांच्या गठ्ठ्यात ही साखळी सलग लावलेली होती आणि एवढ्यासाठी पैसे वसूल झाले असं मी मानते. त्यापुढे 'रशियन आत्मा' फ्रेंच वाचकांच्या हाती देणारा टीकाकार व्होग्युए, तोल्स्तोयला भेटून गेलेला कवी रिल्के, आणि रशियाला गूढात गुंडाळलेलं कोडं म्हणणारा चर्चिल, हे भराभर झाले. चर्चिल वगळला असता तरी चाललं असतं, तो प्रत्येक बसमध्ये ऐकायला मिळतो.

सगळे बाहेरचे पश्चिमेचेच कसे, असं मी विचारलं. बाई हसून म्हणाल्या, टागोर. बरोबर, १९३० मध्ये ते आले होते, शिक्षणाचं कौतुक केलं आणि जाताना 'इझ्वेस्तिया' या सरकारी वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत द्वेष शिकवू नका असं सुनावलं. ती मुलाखत तिथे छापायला १९८८ उजाडलं. मग मी आमचे अण्णाभाऊ साठे सांगितले. १९६१ मध्ये ते आले, तो प्रवास त्यांनी लिहिला, आणि २०२२ पासून मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा आहे. कुस्तिन फ्रान्सचं भांडण मनात घेऊन आला होता, अण्णाभाऊ मुंबईच्या चिरागनगर झोपडपट्टीतलं. दोघांनी पाहिलेला रशिया एक नाही यात नवल काय.

आणि मग मी अफानासी निकितिन काढला, कारण तो माझ्या गावी राहून गेलाय. त्वेरचा हा व्यापारी १४७० च्या आसपास चौलला उतरला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. तिथून तो जुन्नरला आला, शंभर रूबल खर्चून आणलेला घोडा बरोबर. पावसाळा तिथे चिखलात काढला. जुन्नरच्या असदखानाने घोडा काढून घेतला आणि मुसलमान हो, नाहीतर घोडाही गेला आणि वर दंड, असं सांगून चार दिवसांची मुदत दिली. खुरासानच्या एका माणसाने रदबदली केली म्हणून सुटला. त्याच्या टिपणांत एके ठिकाणी तो म्हणतो, देव रशियाची भूमी राखो, या जगात तिच्यासारखा देश नाही, मात्र तिथले अमीर न्यायाने वागत नाहीत. हे त्याने रशियनमध्ये लिहिलेलं नाही. तुर्की-फारसी मिसळलेल्या बाजारबोलीत लिहिलंय. चादायेवच्या साडेतीनशे वर्षं आधी, दख्खनमध्ये बसून, देशाबद्दलची माया आणि तक्रार एका श्वासात, आणि परक्या बोलीत. बाईंना मजकूर ठाऊक होता, त्यांच्याकडे तो शिकवतात. जुन्नर कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या नकाशाच्या मागे शिवनेरी आणि नाणेघाट काढून दिला.

दानिलेव्स्कीला दोन वाक्यं मिळाली, हे मात्र आजच्या काळात कमी आहे. पेशाने मत्स्यशास्त्रज्ञ. १८६९ मध्ये त्याने मांडलं की जगाची एकच वाटचाल नसते, वेगवेगळ्या संस्कृती वेगवेगळ्या वाढतात आणि रशिया युरोपचा भाग नाही. १९२१ मध्ये बल्गेरियातल्या सोफियात जमलेल्या निर्वासित युरेशियावाद्यांनी, म्हणजे रशिया हा युरोप-आशियाच्या मधला वेगळाच प्रदेश मानणाऱ्यांनी, त्याला मंगोल गवताळ प्रदेशाची जोड दिली. २०२३ मध्ये रशियाच्या परराष्ट्र धोरणाच्या अधिकृत दस्तऐवजात देश स्वतःला 'राज्य-संस्कृती' म्हणवतो, ते या घराण्यातलं. बाईंनी दस्तऐवजाचं नाव घेतलं, टीका किंवा कौतुक केलं नाही.

शेवट कॅथेड्रलपाशी. नेपोलियनवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेलं, १८८३ मध्ये प्रतिष्ठापना. ५ डिसेंबर १९३१ ला सुरुंग लावून पाडलं. तिथे सोव्हिएतांचा महाल व्हायचा होता तो झाला नाही, म्हणून १९६० मध्ये पोहण्याचा तलाव केला. तलाव बुजवून कॅथेड्रल पुन्हा जसंच्या तसं बांधलं, २००० साली प्रतिष्ठापना. बाईंनी तलावाचा फोटो दाखवला. त्या लहानपणी तिथे पोहल्या आहेत, हिवाळ्यात, वाफेतून डोकी तेवढी दिसायची म्हणे. संगमरवर चकाचक आहे. मला आवडलं नाही, पण ते माझं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गर्दीसाठी कापला, एक गोगोलपाशी. रशियन कळत असेल तर चार द्या, कारण इंग्रजी सहलीत, बाईंनीच सांगितलं त्याप्रमाणे, किरेयेव्स्की गाळतात आणि चर्चिल वाढवतात.

जाणाऱ्यांसाठी: भारतीयांना आता ई-व्हिसा मिळतो, दगदग नाही. मे ते सप्टेंबर बरं. मेट्रोला पुश्किन्स्काया स्टेशनवर उतरा. पाणी जवळ ठेवा, वाटेत बाक भरपूर, स्वच्छतागृहं कमी. सहल संपल्यावर चालत परत सिव्त्सेव व्राझेकला जा आणि हेर्झनचं संग्रहालय स्वतःच्या पैशाने पाहा, पण त्या दिवशी ते उघडं आहे ना हे आधी बघून ठेवा. शाकाहारी असाल तर आरबातच्या मागे जॉर्जियन हॉटेलं आहेत: खाचापुरी आणि राजम्याची लोबियो, कोथिंबीर घालून. नवऱ्याला कॉफी तिथे मिळाली.